न हलणारा प्राणी: झोपलाय, गारठलाय की आजारी आहे?

पाणकणीस

संथ प्राण्यांचा विषय निघाला की हमखास एक यादी समोर येते. स्लॉथ, कोआला, कासव, गोगलगाय, आणि प्रत्येकापुढे झोपेचे तास. या यादीत एक कळीचा प्रश्न हरवतो, म्हणून हा धागा काढतोय. प्राणी तासन् तास हलत नाही याची कारणं निदान चार असतात आणि लांबून पाहिलं तर चारही सारखीच दिसतात.

एक म्हणजे खरी झोप. मेंदूच्या लहरी बदललेल्या असतात, पण हात लावला किंवा आवाज झाला की प्राणी पटकन जागा होतो. दुसरी जागेपणीची विश्रांती: डोळे उघडे किंवा किलकिले, कान आवाजाकडे वळतात, फक्त शरीर जागचं हलत नाही. पानं खाणारे प्राणी दिवसाचा मोठा भाग याच अवस्थेत काढतात, कारण आत पचन चालू असतं. तिसरी शीतनिद्रा किंवा ग्रीष्मनिद्रा, म्हणजे चयापचयच खाली उतरवून ठेवणं. यातून बाहेर यायला सेकंद नाही, बराच वेळ लागतो. चौथं कारण आजार, उपासमार किंवा गारठा. इथे प्राणी हलत नाही कारण त्याला हलता येत नाही.

गल्लत कशी होते याचा उत्तम नमुना स्लॉथ. बंदिवासातल्या स्लॉथवरून 'रोज सोळा तास झोप' हा आकडा सगळीकडे पसरला. २००८ साली पनामाच्या जंगलात तीनबोटी स्लॉथच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारं छोटं यंत्र बसवून मोजलं, तेव्हा झोप निघाली सुमारे साडेनऊ तास. उरलेला वेळ तो जागा असतो आणि तरीही फारसा हलत नाही. म्हणजे तो झोपाळू नाही, काटकसरी आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

ज्यांना एखाद्या प्राण्याची नीट माहिती आहे त्यांनी कृपया एवढंच लिहावं: त्या प्राण्याचं स्वस्थ पडणं कुठवर ठीक आणि कुठे काळजीचं, आणि हे कशावरून ओळखायचं.

सातभाई

धागा आवडला. तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण 'शीतनिद्रा' या शब्दातच दोन घोटाळे आहेत. ती निद्रा नाही, आणि शीत असलीच पाहिजे असंही नाही.

आधी निद्रेचं बघू. उत्तर ध्रुवाकडच्या जमिनीतल्या खारी हिवाळ्यात बिळात पडून असतात. त्यांच्या शरीराचं तापमान शून्याच्या खाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि तरी रक्त गोठत नाही. इतक्या थंडीत मेंदूला नेहमीसारखी झोप घेताच येत नाही. दर दोनतीन आठवड्यांनी या खारी स्वतःला तापवून पूर्ण तापमानावर येतात, दिवसभर तशा राहतात आणि पुन्हा गार पडतात. त्या तापलेल्या काळातला बराच वेळ त्या काय करतात? झोपतात. शीतनिद्रेत झोपेची बाकी साठत जाते आणि ती फेडायला शरीर तापवावं लागतं, असं त्यांच्या मेंदूच्या नोंदींवरून दिसतं.

हे तापणं फार महाग पडतं. हिवाळ्यासाठी साठवलेल्या चरबीतला मोठा वाटा या मोजक्या जाग्या दिवसांतच जळतो. वटवाघळांचा घात इथेच झाला. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत प्रथम दिसलेला पांढऱ्या नाकाचा रोग हा थंडी मानवणाऱ्या बुरशीचा आहे. बुरशी नाकावर आणि पंखांच्या कातडीवर वाढते, वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागं होतं, आणि वसंतात किडे उडायला लागायच्या आत त्याची चरबी संपते. लाखो वटवाघळं अशी उपाशी मेली. हिवाळ्यात वटवाघळांच्या गुहेत शिरू नये, टॉर्च मारू नये हा नियम म्हणूनच आहे. तुम्ही पाच मिनिटांत निघून जाता, त्या जिवाची कित्येक दिवसांची शिदोरी गेलेली असते.

आता शीत. मादागास्करमधला जाड शेपटीचा बुटका लेमूर वर्षातले सात महिनेपर्यंत ढोलीत पडून काढतो, तेही उष्ण प्रदेशात. चरबी शेपटीत साठवलेली असते. ढोलीचं तापमान दिवसा वर चढतं, रात्री उतरतं आणि त्याचं शरीर निमूटपणे ढोलीबरोबर तापतं-निवतं. ढोली रोज ३० अंशांच्या वर जात असेल तर त्याला मधेमधे मुद्दाम जागं व्हावंही लागत नाही. ते काम ऊन करतं.

अस्वल या दोघांपेक्षा वेगळं. त्याचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या आसपासच राहतं, पण चयापचय नेहमीच्या चौथाईवर येतो. पाचसहा महिने खाणं नाही, पिणं नाही, लघवी नाही. गुहेत पडलेलं अस्वल गार नसतं आणि बेशुद्धही नसतं, ते उठू शकतं. बाहेर आल्यावरही दोनतीन आठवडे त्याचा चयापचय कमीच असतो. त्या दिवसांत ते मंद चालतं म्हणजे आजारी आहे असं नाही.

भुईचाफा

एक शंका. पानं तर पुष्कळ माकडंही खातात आणि ती चांगली उड्या मारतात. मग स्लॉथच इतका संथ का?

पाणकणीस

@भुईचाफा, नेमका प्रश्न. नुसती पानं हे कारण पुरत नाही. पानं, शिवाय शरीराचं तापमान पक्कं न राखणं, शिवाय कमी स्नायू, असं तिन्ही एकत्र आलं की स्लॉथ होतो.

माकड आतून स्वतःला गरम ठेवतं, त्यामुळे त्याच्या पोटातले जीवाणू सतत कामावर असतात. स्लॉथचं तापमान हवेबरोबर काही अंश वर-खाली होतं. त्याच्या कप्प्याकप्प्यांच्या पोटात पान आंबवणारे जीवाणू त्या तापमानावर अवलंबून असतात. एकदा खाल्लेलं पान बाहेर पडायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. पोट इतकं भरलेलं असतं की वजनाचा चांगला भाग त्या आंबणाऱ्या पाल्याचाच असतो. सलग थंड, पावसाळी दिवस आले तर जीवाणू मंदावतात आणि पोट गच्च भरलेलं असताना स्लॉथ उपासमारीने मरू शकतो. सकाळी झाडाच्या शेंड्यावर हातपाय पसरून पडलेला स्लॉथ आराम करत नसतो. तो स्वतःला आणि पोटातल्या जीवाणूंना ऊन देत असतो.

स्नायूंचं म्हणाल तर त्याच आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने ते बरेच कमी. पण जे आहेत ते लोंबकळण्यासाठी घडलेले: नख्या आकड्यासारख्या फांदीत अडकतात, धरून राहायला जोर लागत नाही. उलटं लटकताना पोटाचा भार छातीवर यायला हवा. तसं होऊ नये म्हणून यकृत, जठर वगैरे अवयव खालच्या बरगड्यांना तंतूंनी बांधलेले असतात. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. श्वास घेताना दर वेळी भरलेलं पोट उचलावं लागत नाही, ही केवढी बचत!

एक ओळख-खूण: तीनबोटी स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा विष्ठेसाठी जमिनीवर उतरतो. त्यामुळे जमिनीवरचा स्लॉथ दिसला की लगेच 'पडला, जखमी झाला' असं समजू नये. बुंध्याशी असेल, हालचाल संथ पण एकसारखी असेल तर लांबून बघत राहावं. रस्त्याच्या मधोमध सरपटत असेल किंवा एक हात ओढत असेल तर गोष्ट वेगळी.

कवडसा

कोआलाबद्दल. आधी एक गैरसमज: निलगिरीच्या पाल्याने त्याला गुंगी येते आणि म्हणून तो पडून असतो, हे खरं नाही. पाल्यात विषारी द्रव्यं असतात, पण त्याचं यकृत ती मोडून काढतं. २०१८ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा विष निकामी करणाऱ्या विकरांच्या एका कुळाची जनुकं त्याच्यात वाढलेली दिसली. खरी अडचण पाल्याच्या कमी कसाची आहे: तंतू भरपूर, प्रथिनं कमी. म्हणून लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतात तिथली पिशवी कोआलात सुमारे दोन मीटर लांब झालीये. बारीक झालेला पाला तिथे आंबत बसतो.

कोआलाची बसण्याची ढब वाचता आली पाहिजे. अंगाचा गोळा करून, हातपाय पोटाशी घेऊन बसला असेल तर त्याला थंडी वाजतेय. पोट झाडाला चिकटवून, चारही पाय लोंबते सोडून पसरला असेल तर उकाडा आहे: खोड हवेपेक्षा काही अंशांनी थंड असतं आणि तो अंगातली उष्णता खोडाला देतो. हे २०१४ साली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवलं गेलं. या दोन्ही ढबी निरोगी आहेत.

काळजीचं कधी? भर दिवसा झाडाच्या बुडाशी जमिनीवर बसलाय आणि माणूस जवळ आला तरी वर चढत नाही. डोळे लाल, सुजलेले, चिकट. पार्श्वभागाची लव ओली, तपकिरी डाग पडलेली. शेवटच्या दोन खुणा क्लॅमिडिया या जीवाणूच्या संसर्गाच्या. त्यात डोळे जातात, मूत्राशय सुजतं. अशा वेळी वन्यजीव बचाव पथकाला कळवावं, स्वतः उचलू नये.

तहानलेल्या कोआलाच्या तोंडात बाटलीने पाणी ओतण्याची दृश्यं पसरली आणि लोक तेच करायला लागले. मान वर करून ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. कोआला मान खाली घालून चाटत पितो. उथळ भांड्यात पाणी ठेवावं आणि मागे सरकावं.

टिटवी

कासवांवर जरा सविस्तर लिहिते, कारण शीतनिद्रेतल्या चुकीने सर्वांत जास्त पाळीव जीव जात असतील तर ते कासवांचे, आणि चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच झालेली असते.

पहिला प्रश्न जातीचा. हर्मन कासव, भूमध्यसागरी ग्रीक कासव आणि मध्य आशियातलं रशियन कासव या जाती निसर्गात शीतनिद्रा घेतात. तारा कासव, बिबट्या कासव, आफ्रिकेचं सल्काटा, लाल पायांचं कासव या घेत नाहीत. यांना गार जागी ठेवलं तर ती 'झोपत' नाहीत. ती गारठतात, पचन थांबतं आणि न्यूमोनिया होतो. दोन्हींत कासव डोकं आत घेऊन निपचित पडतं, दिसायला अगदी एकसारखं.

ज्या जाती शीतनिद्रा घेतात त्यांचीही तयारी महिनाभर आधीपासून करावी लागते.

आधी पशुवैद्याकडून तपासणी: वजन, तोंड, डोळे, विष्ठेत जंत. रोडावलेलं, नाक वाहणारं किंवा नुकतंच आजारातून उठलेलं कासव त्या वर्षी शीतनिद्रेला पाठवायचं नाही, ते हिवाळाभर उबेत जागं ठेवायचं.

मग उपास. प्रौढाला तीन ते चार आठवडे, लहानाला कमी. या काळात सुरुवातीला ऊब चालू ठेवायची, म्हणजे आतडं रिकामं होतं. लोक नेमकं उलट करतात, आधी ऊब काढतात आणि अन्न आतच राहतं. पाच अंश तापमानात ते पचत नाही, सडतं. त्यातून वायू धरतो, विष भिनतं. उपासातही पाणी तोडायचं नाही. एक दिवसाआड कोमट पाण्यात, हनुवटी बुडेल इतपतच, वीसेक मिनिटं बसवायचं. कासव हिवाळ्यासाठी पाणी मूत्राशयात साठवतं, ती त्याची घागर. ती भरलेली असली पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात तापमान हळूहळू उतरवत ५ अंशांवर आणायचं. ३ ते ७ ही सीमा. १० च्या वर गेलं की कासव अर्धवट जागं होऊन चरबी जाळायला लागतं, पण खाण्याइतकं काही जागं होत नाही. शून्याच्या खाली गेलं तर डोळ्यांत बर्फ धरून कायमचं अंधत्व येतं. बागेतल्या खोक्यात किंवा माळ्यावर तापमान हातात राहत नाही, म्हणून अनेक जाणकार वेगळा छोटा फ्रिज वापरतात. त्यात किमान-कमाल तापमान दाखवणारा तापमापक हवा आणि हवा बदलायला दार दररोज थोडा वेळ उघडायचं. सुस्तावलेलं कासवही श्वास घेतं.

दर एकदोन आठवड्यांनी वजन करायचं. हात लावला म्हणून ते जागं होईल ही भीती ठेवू नका. महिन्याला साधारण १ टक्का घट चालते. एकूण घट १० टक्क्यांकडे सरकायला लागली की थांबायचं, उठवायचं. आणि खोक्यात लघवी केलेली दिसली तर त्याच दिवशी उठवायचं, कारण साठवलेलं पाणी गेलं. याच्याकडे फार दुर्लक्ष होतं. वजन अचानक घटलंय ते चरबीमुळे असं वाटतं आणि कासव आतून सुकत जातं.

प्रौढाला दहाबारा आठवडे पुरे. उठवल्यावर आधी पाणी, मग अन्न. खोलीच्या उबेत काही तास, मग कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं. ते मनसोक्त पाणी पितं. रक्तातला साठलेला युरिया बाहेर पडल्याशिवाय त्याला भूक लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशी पाला समोर ठेवून काळजी करत बसू नये. दिवा आणि ऊब पूर्ण वेळ हवी. उबदार असूनही आठवडाभरात खाल्लं नाही, किंवा डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले, तर पशुवैद्य गाठा.

भुईचाफा

टिटवीताई, फार उपयोगी. गार, कडक पडलेलं कासव जिवंत आहे की नाही हे कसं ओळखायचं?

टिटवी

घाईने ठरवायचं नाही. आधी हळूहळू ऊब द्या, दिव्याखाली एकदम नको. काही तासांनी मागचा पाय हलकेच ओढून बघा. जिवंत कासव मंदपणे का होईना आत घेतं. डोळे खोल गेलेले, वास सुटलेला, पाय सैल लोंबता, हे सगळं एकत्र असेल तरच आशा सोडावी. शंका असेल तर पशुवैद्य डॉप्लर यंत्राने हृदयाचे ठोके ऐकू शकतात. श्वास दिसत नाही यावरून काहीच ठरत नाही. कासवाच्या बरगड्या कवचात सांधलेल्या असल्याने त्याची छाती वर-खाली होतच नाही.

एक सांगायचं राहिलं. वर तारा कासवाचा उल्लेख केला तो फक्त जातींतला फरक दाखवायला. भारतात ते बाळगणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१९पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात टाकून बंद केलाय.

हिरवट

स्लो लोरिस या माकडवर्गातल्या छोट्या, निशाचर प्राण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुदगुल्या केल्यावर हात वर करून 'मजा घेणारा' लोरिस व्हिडिओंत लाखोंनी पाहिलाय. ती मजा नाही, बचाव आहे. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. हात डोक्यावर नेले की ती तोंडाशी येते, तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं आणि खालच्या दातांच्या फणीतून ते चाव्यात उतरतं. माकडवर्गात विषारी ठरलेला हा एकमेव प्राणी. चावलेली जागा सडू शकते, काही माणसांना तीव्र ॲलर्जीचा झटका येतो. म्हणून विकणारे त्याचे दात भूल न देताच तोडतात आणि पुष्कळ लोरिस त्या जखमा चिघळूनच मरतात.

तो गोठल्यासारखा थांबतो तेही भक्षकाची नजर चुकवण्यासाठी. हातापायांत रक्तवाहिन्यांची दाट जाळी असते, त्यामुळे फांदी तासन् तास घट्ट धरली तरी स्नायू थकत नाहीत. दिव्याच्या उजेडात, सपाट जमिनीवर, हात वर करून थिजलेला लोरिस दिसला तर तो शांत नाही, घाबरलेला आहे. साइट्सने २००७ साली सगळे स्लो लोरिस पहिल्या परिशिष्टात घेतलेत. असे व्हिडिओ पुढे पाठवू नका, एवढी कळकळीची विनंती.

रानखूण

'किती वेळ हलत नाही' हे मोजायचं कसं, यावर थोडं. प्राणिसंग्रहालयात किंवा कॅमेऱ्यावर नोंदी करणाऱ्यांसाठी साधी पद्धत: दर दहा मिनिटांनी, घड्याळ वाजलं त्या क्षणी प्राणी काय करतोय तेवढंच लिहायचं. दिवसाच्या १४४ नोंदी होतात. त्यातल्या ३६ नोंदी 'खाणं' असतील तर पाव दिवस, म्हणजे सहा तास खाण्यात गेले.

रकाने आधी ठरवा आणि 'झोप' हा शब्द त्यात ठेवू नका. बाहेरून झोप दिसत नाही. त्याऐवजी लिहा: डोळे मिटलेले, उघडे की दिसत नाहीत, अंगाची ढब, तोंड हलतंय का, मिनिटाला श्वास किती, हवेचं तापमान. तापमानाचा रकाना सगळे गाळतात आणि नेमका तोच नंतर लागतो.

चुका तीन प्रकारच्या होतात. फक्त दिवसा बघितलं तर निशाचर प्राणी आळशी ठरतो. काहीतरी घडलं तेव्हाच लिहिलं तर उलट होतं, हालचाल वाढलेली दिसते. आणि क्षणिक गोष्टी या पद्धतीत सापडत नाहीत. समुद्रघोडा याचं चांगलं उदाहरण. शेपटीने गवताला विळखा घालून तो ढिम्म उभा असतो, पोहण्यात सगळ्या माशांत मागे, पण भक्ष्य टिपताना त्याचं डोकं काही सहस्रांश सेकंदात झटका देतं. त्याला जठर नसतं, त्यामुळे दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. दहा मिनिटांच्या नोंदींत तो 'निष्क्रिय' दिसेल, प्रत्यक्षात तो शिकारीला दबा धरून बसलेला असतो.

सातभाई

रानखूण यांच्या पद्धतीत ओल्म कसा बसवायचा हाच प्रश्न आहे. बाल्कन भागातल्या गुहांच्या पाण्यात राहणारा हा आंधळा, फिकट गुलाबी सॅलॅमँडर. हर्झेगोव्हिनातल्या गुहांत डुबकी मारून खुणा केलेले ओल्म वर्षानुवर्षं तपासले, तर एक जण २,५६९ दिवसांनी त्याच जागी सापडला. सात वर्षं! आजारी नव्हता. तिथे भक्षक जवळपास नाहीत, अन्न क्वचित येतं, आणि तो वर्षानुवर्षं उपाशी राहू शकतो. जोडीदार शोधायची वेळ दहाबारा वर्षांतून एकदा येते.

कवडसा

थंड पाण्यातला ग्रीनलंड शार्कही याच घरातला. सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर, माणूस रेंगाळत चालेल त्याहून कमी. २०१६ साली डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून वय काढलं तेव्हा सर्वांत मोठ्या मादीचा अंदाज ३९२ वर्षं आला, १२० वर्षं इकडेतिकडे. मादी वयात यायलाच दीडशे वर्षं. असा प्राणी जाळ्यात सापडून कमी झाला तर ती घट आपल्या हयातीत भरून निघणार नाही.

भुईचाफा

शेवटचा छोटा प्रश्न. उन्हाळ्यात भिंतीवर चिकटलेल्या गोगलगाई मेलेल्या असतात का?

पाणकणीस

बहुतेक नाही. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाचं तोंड वाळलेल्या चिकट स्रावाच्या पडद्याने बंद करते आणि ग्रीष्मनिद्रेत जाते. शंख उजेडात धरून बघा: पडदा ताणलेला, शाबूत असेल आणि शंख हाताला जड लागला तर ती जिवंत आहे. हलका, पोकळ आणि वास येणारा शंख मेलेलीचा. ओढून काढू नका, शंखाची कड तुटते. जागा बदलायचीच असेल तर आधी पाणी शिंपडून थांबा. ओल लागली की पडदा मऊ होतो आणि थोड्या वेळाने ती आपणहून बाहेर येते.